डागाखालचं वाक्य

मार्च सरत आला की पार्सेहून निघणाऱ्या रस्त्यावर काजूच्या बोंडांचा वास सुटतो. गोड, आंबूस, थोडा डोकं धरायला लावणारा. बाहेरगावची माणसं गाडीच्या काचा खाली करून तो हुंगतात, वा वा करतात. करोत बापडी. मला तो वास आला की डोळ्यांसमोर काजूची झाडं न येता झेरॉक्सचे गठ्ठे येतात. एवढी वर्षं कॉलेजात शिकवल्यावर माणसाचं असं होतं. कुणाला वसंत दिसतो, मला वाचनसामग्री दिसते.

वाचनसामग्री हा शब्द माझा नव्हे, परिपत्रकातला. दर वर्षी याच दिवसांत ते येतं: पुढील वर्षासाठी प्रत्येक पेपरची वाचनसामग्री निश्चित करून कळवावी. म्हणजे इकडे चालू वर्षाची परीक्षा, सुपरव्हिजन, उत्तरपत्रिकांचे ढीग, आणि तिकडे जूनमध्ये कोण मुलं हा पेपर घेतील याचा पत्ता नसताना त्यांनी काय वाचायचं ते ठरवायचं. जेवायला कोण येणार, तिखट खातात की नाही, काही ठाऊक नाही, आणि आपण आपलं वाटण वाटत बसायचं. पहिली काही वर्षं मी हे फार उत्साहाने केलं. आता कंटाळा येतो, आणि तो मी लपवतही नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. तोवर डिचोली तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ग्रामीण समाजशास्त्राचा पेपर माझ्याकडेच आहे. यंदा फर्मान असं, की वर्षानुवर्षांची झेरॉक्स बंद. सगळं वाचन नीट टाईप करून, प्रत्येक उताऱ्याखाली मूळ लेखक, पुस्तक, पान असा संदर्भ लिहून कॉलेजच्या वेबसाईटवर चढवायचं. आमच्या विभागात नवीन आलेली पूजा हे काम करते. हुशार मुलगी, हात भराभर चालतात तिचे. गेल्या आठवड्यात ती माझ्या मेजापाशी एक झेरॉक्स घेऊन आली. 'शेती, हंगाम आणि कुटुंब' हे माझं हस्तलिखित टिपण. त्याच्या एका पानावर मधोमध तळहाताएवढा काळा डाग आहे, आणि डागाच्या बाजूच्या समासात तिरप्या, बारीक, दुसऱ्याच अक्षरात ओळी लिहिलेल्या आहेत.

"मॅडम, मी मूळ इंग्रजी पुस्तक शोधून काढलं," पूजा म्हणाली. "तुमचं टिपण अगदी बरोबर आहे. समासातल्या ओळीही जुळतात. फक्त हे एक वाक्य त्या पुस्तकात कुठेच नाही. तिथे दुसरंच वाक्य आहे."

मी म्हटलं, "नाहीच आहे."

"मग संदर्भ काय लिहू? सोर्स नसेल तर ते चढवता येणार नाही. काढून टाकू का? मूळ वाक्य घालते त्या जागी, एका मिनिटाचं काम आहे."

"दोन दिवस थांब," एवढंच मी तिला म्हटलं. खिडकीतून तो मेला वास आत येतच होता.

---

आमच्याकडच्या मुलांना वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. समितीची बैठक होते, चहा येतो, बिस्किटं येतात, कुणीतरी दिल्लीच्या नाहीतर पुण्याच्या यादीतली नावं वाचून दाखवतं, सगळे माना डोलवतात. पुस्तकं थोर असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ग्रंथालयात त्यांची एकेक प्रत असते, आणि तीही परीक्षा झाल्यावर येते.

पण खरी गोम वेगळीच. आमची मुलं घरात कोकणी बोलतात, सिंधुदुर्गातून आलेल्या घरांत मालवणी बोलतात. प्राथमिक शाळा मराठी. पाचवीपासून इंग्रजी. कॉलेजात आल्यावर इंग्रजी पुस्तक हातात दिलं की एका पानावर अर्धा तास डोळे फिरतात आणि शेवटी मूल विचारतं, "मॅडम, ह्यातलं महत्त्वाचं काय तें सांगा." मराठी पुस्तक द्यावं तर त्यातली मराठी घाटावरची, तिथली शेती बैल-मोटांची, उसाची. धारगळच्या एका मुलाने मला एकदा भर वर्गात विचारलं होतं, "मॅडम, ह्या पुस्तकांतलो गांव खंयचो? आमच्या गांवाक नदी आसा, नारळ आसा, खाण आसा. हांगा कांयच दिसना." वर्ग हसला. मीही हसले. पण तो बोलला ते खरंच होतं.

म्हणून मी टिपणं लिहायला लागले. इंग्रजी प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि समोर आमोण्याची किंवा पार्सेची पोर बसलीय असं समजून साध्या मराठीत ते हाताने लिहून काढायचं. शनिवारची दुपार त्यात जायची. आमच्या घरी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, एक जुनं मेज आहे, त्यावर बसून लिहायचे. सासूबाई म्हणायच्या, "तुजी परीक्षा केन्ना सोंपता गो?" मी म्हणायचे, "माझी नाही, पोरांची." त्या म्हणायच्या, "दर वर्सा तुजीच दिसता."

या टिपणांची एक रीतच पडून गेली होती. मूळ हस्तलिखित एकच. ते वर्गातल्या एकाकडे जायचं, त्याने ते वाचून पुढच्याला द्यायचं, शेवटी कॉलेजसमोरच्या दुकानात सगळ्यांसाठी झेरॉक्स. मुलं सगळी एका दिशेची नव्हेत. कुणी मये, कुणी आमोणे, कुणी थेट पेडण्याकडची. मग पानं बसने फिरायची. आमच्याकडे कंडक्टरच्या हाती काहीही देता येतं: औषधं, माशांची पिशवी, लग्नाचं आमंत्रण. "अमक्या थांब्यावर तमक्याची चली उबी आसतली, तिका दी," एवढं सांगितलं की झालं. माझी समाजशास्त्राची पानं ड्रायव्हरच्या पाठीमागे, काचेला टेकून, कुणाच्या तरी केळ्यांच्या घडाशेजारी प्रवास करायची. आणि पोचायची! पोस्टाने पाठवलेलं हरवलं असेल, बसवाल्याकडे दिलेलं माझं एकही पान हरवलं नाही.

---

त्या वर्षी खाणी बंद पडल्या होत्या. ज्यांनी तो काळ डिचोलीत पाहिला नाही त्यांना त्यातली शांतता कशी सांगू? आमोण्याच्या रस्त्यावर खनिज वाहणाऱ्या टिपरांची रांग संपायची नाही, रस्ता ओलांडायला पोरांना हात धरून न्यावं लागायचं. झाडं तांबडी, कौलं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे. आणि मग एकाएकी काहीच नाही. टिपर दारादारांत उभे. पानांवरची धूळ पावसाने धुऊन गेली, झाडं हिरवी दिसायला लागली, आणि त्या हिरव्या झाडांखाली माणसं रिकामे हात घेऊन बसलेली. हवा चांगली झाली म्हणून खूश व्हावं तर समोरचा माणूस रडकुंडीला आलेला. मी नोव्हेंबरात वर्गात हजेरी घ्यायचे तेव्हा कुणाच्या घरी काय चाललंय ते 'येस मॅडम'च्या आवाजावरून कळायचं.

दर्शना त्या वर्गातली. दर्शना गावडे. टी.वाय.ला होती. वडील गुणाजी गावडे मूळचे सावंतवाडीकडचे, तरुणपणी खाणीवर कामाला आले, मग टिपर चालवायला लागले आणि आमोण्यालाच राहिले. बाकीची मुलं मला मॅडम म्हणायची, ही एकटी बाई म्हणायची. मराठी शाळेतली सवय तिची सुटली नव्हती. दुसऱ्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही, पण वाचायला दिलेलं वाचून यायची. शिकवणाऱ्या माणसाला हे केवढं वाटतं ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. वर्गात एक जरी वाचून आलेलं असलं तरी तासभर बोलायला जोर येतो.

तिला बी.एड. करायचं होतं. शाळेत मास्तरीण व्हायचं, एवढंच. त्यासाठी पदवी हवी, आणि पदवीसाठी त्या एप्रिलची परीक्षा. घरातली ती पहिलीच कॉलेजात आलेली.

मार्चमध्ये ती यायची बंद झाली. एक आठवडा वाट बघितली. मग तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, त्यांणी काजूचो दोंगर घेतला न्हय?" टिपर उभा राहिल्यावर गुणाजींनी गावाबाहेरचा एक डोंगर पावणीत, म्हणजे लिलावात, हंगामापुरता घेतला होता. मजूर लावायची ऐपत नव्हती. आई, बाप, दर्शना, पाठचा भाऊ, सगळं घर पहाटे डोंगरावर जायचं.

मी गेले तिथे. दुपारच्या बसने आमोण्याला उतरले, आणि वाट विचारत विचारत चढले. घामाने पार निथळले होते. काजूच्या झाडांखाली लाल-पिवळी बोंडं, बिया पिळून काढून बाजूला केलेल्या, माशा, आणि तो वास. कातळात खोदलेल्या हौदात गुणाजी बोंडं तुडवत होते, गुडघ्यापर्यंत पाय रसात. दर्शना खाली बसून बिया वेगळ्या करत होती. मला बघून उठली आणि पदर नसतानाही पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे गेला तिचा. हात काळे पडले होते, बोटांची कातडी सोललेली. काजूच्या चिकाने तसं होतं.

"बाई, बसा," गुणाजी म्हणाले आणि हौदाबाहेर आले. बायकोला हाक मारून त्यांनी मला एक कोप निरो द्यायला सांगितला. तुडवलेल्या बोंडांतून जो रस आपोआप ठिबकतो तो निरो. ताजा असला की थंड, गोड, जिभेला थोडा खवखवणारा. मी भांडायला गेले होते आणि समोर काचेचा पेला आला. प्यायले.

"दर्शनाची परीक्षा आहे," मी म्हटलं.

"ठावक आसा माका," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. "बाई, माजो टिपर दारात उभो आसा, तुमी येताना बघलास मां? ह्यो डोंगर घेतलंय. वारो सुटलो काय सगळां एकदम खाली पडता. तेव्हा हात होये. परीक्षा पुढल्या वर्साक परत येतली. ह्यां पडलेलां परत झाडार चढाचां नाय."

तो माणूस वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं! चार शब्द सुनावून खाली उतरले असते. पण तो आपल्या पोरीचा शत्रू नव्हता, आणि माझं वेळापत्रक त्याच्या झाडांना ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "परीक्षेच्या दिवसांपुरती तरी सोडा तिला."

"सोडतंय," ते म्हणाले. "वारो नाय सुटलो तर."

निघताना मी पिशवीतून टिपणाची पानं काढून दर्शनाला दिली. वर्गाला ती अजून मिळाली नव्हती, तीच एक प्रत. "तू आधी वाच," मी म्हटलं. "सोमवारी परत पाठव, म्हणजे बाकीच्यांना झेरॉक्स काढता येईल. हे परीक्षेला येणारच."

तिने हात परकराला पुसले, पुन्हा पुसले, मगच पानं घेतली. "सोमवारच्या पयल्या बसीन पाठयतंय, बाई," म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने काही वाचलं नव्हतं, आणि ती पानं तिने अशी धरली होती, की मला तिथे थांबवेना.

---

सोमवारी पहिल्या बसने पानं आली. कंडक्टर स्वतः कॉलेजच्या गेटपर्यंत चालत आला, हे विशेष.

"मॅडम, आमोण्याच्या त्या चेडवान दिलां," तो म्हणाला. "तिका रडूंक येतालें. सांगलां, निरो सांडलो म्हण. पूण वाचूंक येता म्हणता. वायट दिसूंक नाका."

एका पानाच्या मधोमध तपकिरी डाग. निऱ्याचा डाग कापडावरून जात नाही, कागदावरून काय जाणार! शाई पसरून माझ्या पाच-सहा ओळी पार गेल्या होत्या. आणि समासात, तिरप्या बारीक अक्षरात, गेलेल्या ओळी तिने लिहून काढल्या होत्या. डोळे मिटून आठवून लिहिल्या असणार, कारण दुसरी प्रत जगात नव्हती. शब्द न् शब्द माझे. हंगामी शेतीत घर हाच कारखाना कसा होतो, मजुरीचा हिशेब कसा बाहेरच्यांपुरता ठेवला जातो, सगळं ओळीने. डोंगरावर, बिया पिळताना, या पोरीने ते प्रकरण तोंडपाठ केलं होतं.

फक्त एक वाक्य माझं नव्हतं. मी लिहिलं होतं: हंगामी उत्पादनाच्या काळात कुटुंबातील स्त्रियांचे श्रम अदृश्य राहतात, कारण त्यांचे मोजमाप वेतनात होत नाही. आणि तिने लिहिलं होतं: हंगामात घरच्या मुलीला सुट्टी नसते, कारण तिचं काम काम म्हणून धरलेलंच नसतं.

तिला माझं वाक्य आठवलं नाही म्हणून तिने हे लिहिलं, की आठवूनही हेच लिहिलं, मी कधी विचारलं नाही. स्टाफरूममध्ये मी ते पान हातात धरून बसले होते. व्हाइटनरचं पेन मेजावर होतं. वाक्य खोडून माझं घालणं सहज शक्य होतं. पण माझ्या वाक्यात नव्हतं असं काय होतं तिच्या वाक्यात? माणूस होतं. मी पान तसंच झेरॉक्सला दिलं. तपकिरी डाग मशीनमधून काळा होऊन आला.

---

परीक्षेच्या आदल्या सांजेला वारा सुटला. पार्सेला आमच्या अंगणात माडाची झावळी पडली, तिच्या आवाजाने मी दचकले. सासूबाई म्हणाल्या, "काजींचो वारो." मी फोन लावून बघितला, डोंगरावर कुठली रेंज! बसून राहिले नुसती.

सकाळी नेहमीप्रमाणे पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, त्याच्याकडून उंडे घेतले, पण तसेच टोपलीत ठेवून बस धरली. धारगळ, कोलवाळचा पूल, अस्नोडा. रस्त्याच्या कडेला सगळीकडे बोंडंच बोंडं सांडलेली. बायका, पोरं, म्हातारी माणसं ओणवी होऊन वेचत होती. मला त्या दिवशी वेचणाऱ्या प्रत्येक मुलीचा राग येत होता, आणि मग स्वतःचाच राग येत होता.

सुपरव्हिजनला मला नेमका तिचाच वर्ग आला होता. तिच्या हॉल तिकिटावरचा नंबर बाकावर खडूने घातलेला. पेपर वाटले. अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला आत घेता येतं. तेवढा वेळ मी दारापाशीच उभी होते. आमोण्याकडून येणाऱ्या बसचा आवाज मला ओळखू येतो, ती आली, थांबली, गेली. कुणी आलं नाही. मग मी तो कोरा पेपर उचलून बाकीच्या उरलेल्या पेपरांत ठेवला. प्रश्नपत्रिका वाचली. दुसराच प्रश्न होता: हंगामी शेती आणि कुटुंबातील स्त्रियांचे श्रम यांचा संबंध स्पष्ट करा.

वर्गात माना खाली घालून सगळी लिहीत होती. मी फिरता फिरता एकाच्या खांद्यावरून बघितलं. तो लिहीत होता: हंगामात घरच्या मुलीला सुट्टी नसते. पुढच्या बाकावरची पण तेच लिहीत होती. तिच्या मागचीही. सगळ्या वर्गाच्या हातून ती लिहीत होती आणि तिचा बाक रिकामा होता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. सुपरव्हायजरने रडायचं नसतं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा बसेल असं मी धरून चालले होते. फॉर्म भरायच्या दिवसांत तिची वाट बघितली. पण दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, धारगळला. चांगलं घर मिळालं, असं सगळे म्हणाले. असेलही.

---

त्यानंतर किती मुलं आली आणि गेली. दर मार्चमध्ये मी ठरवायचे, की यंदा हे टिपण नवं लिहून काढू, डाग नसलेलं. आणि दर मार्चमध्ये इतकं काही अंगावर पडायचं, की तीच जुनी प्रत दुकानात जायची. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. डाग वर्षागणिक काळा होत गेला, माझं अक्षर पुसट होत गेलं, आणि समासातलं तिचं बारीक अक्षर मात्र टिकलं, कारण बिचारीने दाबून लिहिलं होतं. मुलांना वाटायचं, डागाखाली काहीतरी महत्त्वाचं असणार, म्हणून तर मॅडमनी बाजूला परत लिहिलंय! मग ती नेमकं तेवढंच पाठ करायची. बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक त्या वाक्याखाली रेघ मारून बरोबरची खूण करायचे. एकदा एका परीक्षकाने मला विचारलंही, "तुमची मुलं हे सुरेख वाक्य कुठून आणतात हो?" मी म्हटलं, "आमोण्याहून." त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

आणि आता पूजाचा प्रश्न. सोर्स काय? एका मिनिटाचं काम आहे, मॅडम. तिचं चुकत नाही. उद्या वेबसाईटवरून ते टिपण कुणीही वाचेल, ज्याचं वाक्य त्याचं नाव खाली हवंच. नाहीतर ते वाक्य जाणार आणि माझं ते मोजमाप-वेतनवालं तिथे येऊन बसणार. दोन दिवस मी थांब म्हटलं खरं, पण थांबून काय होणार होतं? मला काय करायचंय ते मला तेव्हाच ठाऊक होतं. नुसता जीव थकला होता.

परवा येताना धारगळला उतरले. हायवेच्या कडेला दर्शनाचं छोटं दुकान आहे, हंगामात काजू, कोकम, फणसाचे गरे. बसमधून मला रोज दिसतं. कधी तिचं लक्ष गेलं तर ती हात वर करते, मी करते, बस पुढे जाते. इतक्या वर्षांत तेवढंच. मला समोर बघून ती गडबडली.

"अगे बाई! बाई, तुमी? बसा, बसा. घाम बघा कितको इलो तुमका." स्टूल पुढे सरकवलं. आतून एक कोप निरो आला. हात तसेच, बोटं काळी.

मी पिशवीतून ते पान काढून तिच्या हातात दिलं.

तिने आधी डाग ओळखला. "अगे माये," म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला. "ह्यां अजून आसा? मी म्हटलां तुमी कधीच टाकून दिल्यात." मग समासाकडे नजर गेली. "शी! अक्षर बघा माजां. झाडाखाली बसून लिवलंय, मांडयेर." हसली. मग हसू थांबलं आणि ती वाचत राहिली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक गिऱ्हाईक काजूचा भाव विचारून, उत्तर मिळेना म्हणून निघून गेलं.

"ह्यां मुलांका शिकयतास तुमी?" तिने विचारलं.

"दर वर्षी."

"आणि परीक्षेक लिवतत ती?"

"लिहितात."

"मार्क पडतत?"

"पूर्ण पडतात," मी म्हटलं.

ती पानाची कडा काळ्या बोटाने सरळ करत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. आता हे सगळीकडे दिसणार आहे, खाली नाव घालावं लागतं, नाहीतर हे वाक्य काढून टाकतील. तुझं वाक्य आहे, तुझं नाव घालू का?

"माजां?" ती म्हणाली. "पुस्तकवाल्यांच्या रांगेत?"

"त्याच रांगेत."

मी पेन उघडलं. "कुठलं घालू? गावडे, की आताचं? नवऱ्याकडचं?"

तिने पान माझ्या हातात परत दिलं. पदराने डोळे पुसले की घाम पुसला, मला कळलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "हॉल तिकिटार होतां तांच घाला."